बिल यायच्या आधीच कार्ड भरून मोकळं व्हावं का?

प्रश्न : ताई, नमस्कार. चाटी गल्लीत माझं चादर-टॉवेलचं छोटं दुकान हाय. दोन वर्षं झाली क्रेडिट कार्ड घेतलंय, लिमिट 60 हजार. आमच्या वडलांची सवय अशी की उधारी रात्रभर पण डोक्यावर ठेवायची नाही, तीच मला लागली, त्यामुळं कार्डावर काही घेतलं की दोन-चार दिवसात मोबाईलवरनं भरून टाकतो, बिलाची वाटच बघत नाही. बिल 18 तारखेला बनतं, बऱ्याचदा शून्यच येतं. आता जुळे सोलापुरात फ्लॅट बघायलोय, होम लोन काढावं लागणार, तर भाचा म्हणायलाय की मामा तुम्ही आधीच भरता म्हणून तुम्ही कार्ड वापरता हेच कुणाला दिसत नाही, सिबिल, म्हणजे लोन देताना बघतात तो स्कोअर, कसा बनणार, ड्यू डेटलाच, म्हणजे बिल भरायच्या शेवटच्या तारखेलाच, भरत जा. बायको म्हणते भरायचं ते भरा आणि मोकळं व्हा. कुणाचं ऐकू?
— एक चादरवाला, चाटी गल्ली

उत्तर : वहिनींचं ऐका. भाच्याचं म्हणणं बऱ्याच जणांकडनं ऐकलंय मी, पण ते खरं नाही. बिल शून्य आलं म्हणून तुमचं खातं कुठं गायब होत नाही, कार्ड चालू आहे, थकबाकी काही नाही, अशी नोंद बँकेकडून सिबिलकडं जातच असते. वेळेवर भरणारा माणूस एवढंच त्यातनं दिसतं, वीस दिवस आधी भरलं की ड्यू डेटला याचा हिशोब स्कोअरमधे कुणी ठेवत नाही. आणि सिबिल स्कोअर 300 ते 900 मधे असतो, तो वाढावा म्हणून मुद्दाम व्याज भरा, थोडी बाकी ठेवा असं सांगणारे पण भेटतील तुम्हाला, त्यांना चहा पाजा आणि वाटेला लावा.

उलट तुमच्यासारख्या छोट्या लिमिटवाल्याला आधी भरण्याचा फायदाच आहे. समजा गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, सीझनला तुम्ही 52 हजाराचा माल कार्डावर उचलला, म्हणजे 60 हजारातले 87 टक्के वापरले. हा आकडा तसाच पुढं गेला तर लोन देणाऱ्याला वाटतं हा माणूस कार्डावरच जगायलाय. 30 टक्क्यांच्या आत वापर असावा असं साधारण धरतात. तेच बिल बनायच्या आधी 40 हजार भरले तर बिल येतं 12 हजाराचं, म्हणजे 20 टक्के. माल तेवढाच, पैसे तेवढेच, फक्त भरायची तारीख बदलली. एक लक्षात असू द्या, बँका पूर्वी ही माहिती महिन्यातनं एकदा पाठवायच्या, रिझर्व्ह बँकेनं 1 जानेवारी 2025 पासनं निदान पंधरवड्याला, म्हणजे तेव्हा 15 तारखेचा आणि महिनाअखेरचा आकडा पाठवायला लावला, त्यामुळं 17 तारखेला घाईघाईनं भरून 18 ला खूश व्हायचं असं आता चालत नाही, लोनचा अर्ज करायच्या आधीचे दोन-तीन महिने बाकी कमीच ठेवा.

आता खरी गंमत, म्हणजे माझीच फजिती सांगते. मी पण तुमच्याच जातीची, कार्ड वापरलं की भरलं. मागं एकदा बिल बनायच्या तीन दिवस आधी ॲपमधे जेवढी अनबिल्ड अमाउंट, म्हणजे अजून बिलात न आलेली रक्कम, दिसली तेवढी सगळी भरली, 12 हजार चारशे काहीतरी, आणि निवांत झाले. त्याच संध्याकाळी नवी पेठेत पुतण्याला टीशर्ट घेतला 640 चा, कार्ड दिलं, विसरले. बिल बनलं 640 चं. मेसेज आला, मेल आला, मी म्हणलं आपण तर भरलंय की, हा जुनाच मेसेज असंल, उघडला पण नाही. ड्यू डेट होऊन अकरा दिवसांनी बघते तर लेट फी 500 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी 90, असे 590, व्याजाचे थोडे वेगळेच. 640 चा टीशर्ट मला बाराशेच्या वर पडला आणि पुतण्याला तो दोन महिन्यात आखूड झाला. बँकेशी भांडले, पण चूक माझीच होती, काय बोलणार. नियमाप्रमाणं ड्यू डेट उलटून तीन दिवसांपेक्षा जास्त झाल्यावरच लेट फी लावता येते, म्हणजे दोन दिवसाचा उशीर असता तर वाचले असते, मी अकरा दिवस झोपले होते.

तर आधी भरा, पण 18 नंतर बिल उघडून बघाच. आधी भरलेले पैसे बिलातनं वजा होऊन येतात, पण भरल्यानंतर आणि बिल बनायच्या आत जे काही घेतलं ते त्याच बिलात बसतं आणि ते वेगळं भरावं लागतं. तसंच अर्धे आधी भरले आणि बाकीचं बिल आलं तर त्याची मिनिमम ड्यू, म्हणजे कमीत कमी भरायची रक्कम, परत नव्यानं मागतात, "मी आधीच भरलंय" हे तिथं चालत नाही. काही खरेदी खात्यावर चढायला एक-दोन दिवस पण लागतात, 17 ला घेतलेलं कधी कधी पुढच्याच बिलात दिसतं, म्हणून ॲपमधला आकडा शेवटचा धरू नका.

एका गोष्टीत मात्र तुम्ही स्वतःचं नुकसान करून घ्यायलात असं मला वाटतं. कार्डाचे फुकटचे दिवस तुम्ही वापरतच नाही. तुमचं बिल 18 ला, ड्यू डेट 7 च्या आसपास असणार. 19 डिसेंबरला घेतलेली वस्तू 18 जानेवारीच्या बिलात येते आणि 7 फेब्रुवारीपर्यंत भरायची, म्हणजे 50 दिवस बिनव्याजी. तेच 17 जानेवारीला घेतली तर 21 दिवसच. गड्डा संक्रांतीला सुरू होतो, होम मैदानावर गर्दी पुढं बरेच दिवस असते, डिसेंबरमधे उचललेला खर्च चादरी विकून आलेल्या गल्ल्यातनं फिटतो की! मागचं बिल पूर्ण भरलेलं असलं तरच हे दिवस मिळतात, ते तुमचं असतंच. तेव्हा लोन मंजूर झालं की नेहमीच्या महिन्यात बिल येऊ द्या आणि ड्यू डेटच्या चार दिवस आधी पूर्ण भरा. वडलांची शिस्त मोडली असं काही होत नाही, पैसे तोवर तुमच्याच खात्यात राहतात.

आणि हो, न विचारता सांगते, साधं कार्ड दुकानाच्या मालासाठी भरून-वापरून-भरून लिमिटच्या दुप्पट फिरवायला लागलात तर बँक विचारणा करू शकते, कार्ड बंद पण करू शकते. धंद्यासाठी वेगळं बिझनेस कार्ड मिळतं, ते बघा.

प्रश्न : माझ्या कार्डाला ऑटोपे लावलाय. तरी ड्यू डेटच्या दोन दिवस आधी मीच 8 हजार भरले आणि ऑटोपेनं पण 8 हजार कापले. आता कार्डावर मायनस 8 हजार दिसतंय. पैसे गेले का?
— एक शिक्षिका, होटगी रोड

उत्तर : गेले नाहीत बाई, मायनस म्हणजे बँकच तुमचं देणं लागते. पुढच्या खरेदीत आपोआप वळते होतील, नाहीतर कस्टमर केअरला सांगून खात्यात परत मागा, कारण तिथं पडून राहिले तर व्याज काही मिळत नाही. ऑटोपे असताना आधी भरायचंच असंल तर बिल बनायच्या आधी भरा, मग बिलच कमी येतं आणि ऑटोपे तेवढंच कापतो. बिल बनल्यावर भरलं तर काही बँका राहिलेलं कापतात, काही पूर्ण बिल कापतात, तुमची काय करते ते विचारून ठेवा.

प्रश्न : अडचणीत कार्डावरनं एटीएममधनं 10 हजार काढले. बिल आल्यावर भरले तर चालंल ना?
— वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : नाही. आजच भरा, जेवढे जमतील तेवढे. रोख काढलेल्या पैशाला बिनव्याजी दिवस नसतात, काढल्या दिवसापासनं मीटर चालू, वर काढल्याची फी वेगळी. मागची बाकी पुढं ओढत असाल तर तिथंही तेच, व्याज रोजच्या रोज मोजतात आणि महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं. पगाराची वाट बघत पंधरा दिवस थांबण्यापेक्षा घरातनं कुणाकडनं हातउसने घेऊन भरलेले बरे, आणि ॲपमधे बिलाची रक्कम दिसत नसली तरी "दुसरी रक्कम" असा पर्याय असतो, तिथं आकडा टाकून भरता येतं.