पेटीतली जुनी नाणी विकताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वडिलांच्या पेटीत राणीछाप आणि राजाछाप रुपये, भोकाचे पैसे आणि काही शिवराया (मराठेशाहीतली तांब्याची नाणी) निघाल्या. इतवारीतला एक सराफ सगळा माल सरसकट चांदीच्या भावाने घ्यायला तयार आहे. द्यावा का? आधी चिंच लावून उजळून घेऊ का?
– एक वाचक, महाल

उत्तर : उजळू अजिबात नका. चिंच, लिंबू, राख किंवा भांड्याची पावडर लावली की मूळ झळाळी जाते आणि भिंगाखाली बारीक ओरखडे दिसतात. संग्राहकाच्या लेखी ते नाणं तिथेच उतरतं. काळपट थर राहू द्या. माती असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवा आणि मऊ सुती कापडाने टिपा, चोळू नका.

मग दहापट भिंग, लोहचुंबक आणि 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा घेऊन बसा. व्हिक्टोरियापासून 1939 पर्यंतचा कलदार, म्हणजे इंग्रजी अमदानीतला चांदीचा रुपया, 11.66 ग्रॅमचा, चांदी 91.7 टक्के, म्हणजे शुद्ध चांदी सुमारे 10.69 ग्रॅम. त्या दिवसाच्या किलोच्या भावाला हजाराने भागून 10.69 ने गुणलं की एका रुपयाचा तळभाव निघतो. फार झिजलेला असेल तर वजनाप्रमाणे कमी धरा. 1940 ते 1945 च्या रुपयात चांदी निम्मीच. तो कडेवरून ओळखता येतो : दात्यांच्या मधून नक्षीची पट्टी फिरलेली असते. 1947 चा वाघाचा रुपया निकेलचा, तो चुंबकाला चिकटतो. या तिन्हींना एकच भाव लावला तर चांगल्या मालात तुमचं नुकसान होणारच, म्हणून सरसकट देऊ नका.

झिजलेले साधे कलदार चांदीच्या भावाने किंवा थोडे वर जातात, ते खुशाल सराफाला द्या. न झिजलेले रुपये, 1911 आणि 1939 सालचे, शिवाय फारसी अक्षरांचे भोसलेकालीन रुपये वेगळे काढा आणि नाण्यांच्याच दोन-तीन व्यापाऱ्यांना दाखवा. 1911 च्या रुपयावर राजाच्या पोशाखावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, म्हणून पुढच्या वर्षी ठसा बदलला. 1939 च्या नकला खूप आहेत. शेवटचा 9 भिंगाखाली नीट पाहा : आजूबाजूची पातळी खरवडलेली दिसली किंवा आकड्याची जाडी इतरांपेक्षा वेगळी वाटली तर संशय घ्या. भोकाचे पैसे आणि दुदांडी प्रकारच्या शिवराया मुबलक सापडतात, त्यांच्यावर फार आशा ठेवू नका. कडी लावून माळेत ओवलेल्या नाण्यावर डाख (झाळल्याची खूण) राहतो, कडी काढली तरी त्याला संग्राहकाचा भाव येत नाही.

कॅटलॉगमधली किंमत व्यापारी देणार नाही. माल महिनोन्‌महिने पडून राहतो आणि त्याला नफाही हवा, यात फसवणूक नाही. पण पेटी ठेवून येऊ नका. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, साल-वजन-दर लिहिलेली यादी मागा. भावंडांची लेखी संमती आधी घ्या. पैसे बँकेतूनच घ्या : एका दिवसात एकाकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही आणि दंड रोख घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हालाच, बसतो. शंभर वर्षं झालेली नाणी 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरतात. त्यांचा धंदा करणाऱ्याकडे परवाना लागतो आणि ती परदेशी गिऱ्हाइकाला पाठवणं हा गुन्हा आहे.

प्रश्न : हनुमानाचं चित्र आणि ‘यूकेएल वन आना 1818’ असं लिहिलेलं नाणं लाखात जातं म्हणतात. ऑनलाइन गिऱ्हाईक नोंदणी फी मागतंय.
– एक वाचक, धरमपेठ

उत्तर : फी भरू नका. कंपनी सरकारने असं नाणं कधी पाडलंच नाही, ते अलीकडचं टोकन आहे. रिझर्व्ह बँकेच्या नावाने कमिशन किंवा कर मागणाऱ्यांबद्दल खुद्द बँकेने 2021 मध्ये सावध केलं आहे.

प्रश्न : जुन्या वाड्याचा पाया खणताना मडक्यात नाणी मिळाली. विकता येतील?
– एक वाचक, सक्करदरा

उत्तर : आत्ता नाही. जमिनीत सापडलेलं दहा रुपयांवरचं धन 1878 च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं : काय, किती, कुठे, कधी. मडकं आणि नाणी आहेत तशी ठेवा, वाटून घेऊ नका. लपवलं तर हक्क जातो आणि वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. कळवलं आणि सरकारने ठेवून घेतलं, तर धातूच्या किमतीवर आणखी पाचवा हिस्सा मिळतो.