स्पॉन्सर केलेली मुलगी ‘बदलून’ मिळाली, आता काय करू?

प्रश्न : ताई, एका आंतरराष्ट्रीय संस्थेमार्फत मी परदेशातल्या एका मुलीला बरीच वर्षं स्पॉन्सर करत होते. पैसे दर महिन्याला आपोआप जातात. तिचा फोटो आमच्या फ्रिजवर आहे. परवा संस्थेचं पाकीट आलं : मुलगी कार्यक्रमातून बाहेर पडली आहे. का, ते लिहिलेलं नाही. सोबत एका अनोळखी मुलाचा फोटो, ‘आता याला साथ द्या’ म्हणून. मला कसंसंच झालं. त्यात मैत्रीण म्हणते, तुझे पैसे त्या मुलीपर्यंत कधी जातच नव्हते. ही फसवणूक आहे का? बंद करू का?
– एक वाचक (नाव छापू नये)

उत्तर : कसंसं होणारच. मी काही वर्षं अशाच एका संस्थेच्या पत्रविभागात नोकरी केली आहे, त्यामुळे ते पाकीट मला ओळखीचं आहे. पहिलं मूल कार्यक्रमातून बाहेर पडल्याचं कळवतानाच दुसरं पुढे करायचं, म्हणजे देणगी मधेच तुटत नाही. आमच्याकडे त्याचा ठरलेला मजकूर होता.

मैत्रिणीचं म्हणणं अर्धं खरं आहे. वर्ल्ड व्हिजन, प्लॅन यांसारख्या मोठ्या संस्था स्पॉन्सरचे पैसे एकत्र करून त्या भागातल्या पाण्यावर, शाळेवर, आरोग्यावर खर्च करतात. मुलीच्या हातात रोख पडत नाही, आणि पडू नयेच; एका घरातल्या एकाच पोराला पैसे आले तर बाकीच्यांनी काय करायचं? हे त्यांच्या माहितीपत्रकात लिहिलेलंही असतं. पण जाहिरातीत मुलीचा चेहरा मोठा आणि हा खुलासा बारीक अक्षरात, हे मला तेव्हाही पटत नव्हतं, आजही पटत नाही. फसवणूक म्हणणार नाही. चलाखी म्हणेन.

कम्पॅशन या संस्थेची पद्धत वेगळी. तिथे नोंदवलेल्या मुलावरच खर्च होतो : फी, गणवेश, तपासणी, शाळेनंतरचे वर्ग. काम स्थानिक चर्चमार्फत चालतं आणि धार्मिक शिक्षण त्यात असतंच. ते चालणार असेल तरच द्यावं. अर्थतज्ज्ञ ब्रूस वायडिक आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये सहा देशांतल्या १०,००० हून अधिक लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तो याच संस्थेच्या कार्यक्रमाचा. कार्यक्रम गावात आला तेव्हा वय जास्त म्हणून वगळली गेलेली मोठी भावंडं आणि आत घेतलेली धाकटी, अशी तुलना त्यांनी केली. स्पॉन्सर झालेली मुलं सरासरी एक ते दीड वर्ष जास्त शिकली, मोठेपणी पगारी नोकरीत असण्याचं प्रमाणही वाढलं. फरक चांगला मोठा आहे. मात्र हा आकडा दाखवून पैसे एकत्र करणाऱ्या संस्थांनी पाठ थोपटून घेऊ नये. त्यांचं काम यात मोजलेलंच नाही.

चेहरा लागतो कशाला? तो पैसे आणतो म्हणून. प्लॅनची सुरुवात १९३७ मध्ये स्पेनच्या यादवी युद्धातल्या पोरक्या मुलांसाठी झाली, वर्ल्ड व्हिजन आणि कम्पॅशन वाढल्या त्या कोरियन युद्धानंतर. तेव्हापासून बेत तोच : एक मूल, एक देणगीदार, दरमहा ठरावीक रक्कम. विहिरीसाठी माणूस एकदा देतो, मुलासाठी वर्षानुवर्षं. २०१९ पासून वर्ल्ड व्हिजनने उलटं करून पाहिलं : फोटो देणगीदारांचे, निवड करायची मुलाने. कल्पना गोड आहे, पण पैसा कुठून कुठे जातो ते बदलत नाही.

आणि मुलांकडून स्पॉन्सरला येणारी ती पत्रं! मुलांना ओळीने बसवून छापील कागद वाटतात. आवडता खेळ, आवडता विषय, घरातलं काम. एक हुशार मूल ‘फुटबॉल’ लिहितं की शेजारची सगळी ‘फुटबॉल’. ज्याला लिहिता येत नाही ते कागदावर पंजा ठेवून पेन्सिल फिरवतं, करंगळीपाशी रेघ हमखास घसरते. मग कार्यकर्ता वाचतो, पत्ता किंवा फोन असेल तर खोडतो, मागणी असेल तर तीही. तुम्हाला पत्रं एकसारखी वाटली असतील तर ती अशी तयार होतात म्हणून. मुलासाठी तो गृहपाठच. ‘तुझी बकरी कशी आहे?’ असं कुणी विचारलं की मात्र उत्तर हटकून लांब यायचं.

मुलांची खबर ठेवण्यात ढिलाई झाली की काय होतं, तेही ऐका. १९९८ मध्ये ‘शिकागो ट्रिब्यून’ या अमेरिकी वृत्तपत्राच्या पत्रकारांनी स्वतः मुलं स्पॉन्सर करून मग त्यांचा शोध घेतला. मालीमधली एक मुलगी केव्हाच वारली होती, तरी तिच्या नावाने देणगी घेणं चालूच होतं. त्यानंतर संस्थांवर मोठी टीका झाली. म्हणून ‘माझी मुलगी कार्यक्रमातून का गेली?’ हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. कुटुंब दुसरीकडे गेलं, वय उलटलं, लग्न झालं, त्या भागातला कार्यक्रमच संपला, कारण यांपैकी काहीही असेल. नाव-गाव गुप्त ठेवूनही एवढं सांगता येतं. सांगत नसतील तर तिथले पैसे खुशाल थांबवा.

सांगितलं, तर माझं मत असं : देणं चालू ठेवा, नवा फोटो घेऊ नका. त्याच भागाच्या सर्वसाधारण कामासाठी पैसे लावायला सांगा. पण समोर चेहरा नसला की आपला हात आखडतो हे स्वतःला ठाऊक असेल, तर फोटो ठेवा, त्यात लाज कसली. घरातल्या मुलांना मात्र सांगून ठेवा की या मुलाला त्याचे आईबाप आहेत.

मुलीला फेसबुकवर शोधायला जाऊ नका. काही संस्था निरोपाचं एक पत्र पोचवतात, पण पत्ता हाताशी असेपर्यंतच, तेव्हा याच आठवड्यात फोन करा. पत्रात ‘का गेलीस’ नको, स्वतःचा पत्ता नको. तिने पूर्वी काही कळवलेलं आठवत असेल, तर तेवढं लिहा.