राणीच्या बागेचा बुधवार

एप्रिल सुरू झाला की कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एक प्रश्न हमखास येतो, आणि बहुतेक वेळा नवरा-बायकोच्या भांडणाच्या रूपानं येतो. मुलांना थीम पार्कला न्यायचंय. नीट आखणी केली नाही तर पैसे पाण्यात जातील अशी भीती, आणि केली तर सगळा दिवस चिडचिडीत जातो हा अनुभव. मग करायचं काय? गेल्या वर्षी आलेल्या एका जोडप्याची गोष्ट त्यांना विचारून सांगते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ते शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत प्रॉडक्शन प्लॅनिंग बघतात. त्या घरी शिकवण्या घेतात. थोरली १३ वर्षांची, धाकटा ७. पहिल्याच भेटीत त्यांनी पिशवीतून एक लॅमिनेट केलेला कागद काढून माझ्यासमोर ठेवला. दोन वर्षांपूर्वी परराज्यातल्या एका पार्कला गेले होते, त्या दिवसाचं वेळापत्रक. ९:३० गेट. ९:५० पहिली राइड. ११:१० पाणी आणि टॉयलेट. १:०० ते १:२५ जेवण. प्रत्येक राइडपुढे टिक करायला चौकोन. १४ पैकी ११ चौकोन भरलेले.

‘अकरा राइड झाल्या मॅडम एका दिवसात,’ ते म्हणाले.

‘आणि येताना गाडीत कोण कुणाशी बोलत नव्हतं, ते पण सांगा की,’ त्या म्हणाल्या.

मग त्यांनीच सांगितलं. तिथं एक कारंजं होतं. जमिनीतल्या भोकांतून थांबून थांबून पाणी उडायचं, आणि आता कुठल्या भोकातून उडणार हे धाकटा ओळखत उभा होता. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा बरोबर आलं. पप्पांना सांगायला तो वळला, तोच पप्पांनी दंड धरून त्याला ओढलं, कारण ११:१० होऊन गेले होते. ‘पाच वर्षांचं पोर. त्यानंतर दिवसभर कुठल्याच राइडला हसलं नाही हो.’

आता खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जायचं ठरत होतं आणि या वेळी काहीही ठरवायचं नाही, असं पत्नीचं म्हणणं. ते त्यावर उसळले. ‘३०० किलोमीटर गाडी चालवायची, चौघांची तिकिटं काढायची, आणि तिथं जाऊन बघू म्हणायचं? दरवर्षी जाणं होतं का आपलं?’

अशा वेळी आखणी करणाऱ्याला घरचे हट्टी ठरवून मोकळे होतात. मला ते पटत नाही. ज्याला दिवस चांगला जावा असं मनापासून वाटत असतं, बहुधा तोच कागद घेऊन बसतो. मी त्यांना एवढंच विचारलं, लहानपणी तुम्ही सहलीला कुठं गेला होता?

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘एकदाच. मुंबईला.’ गाव भुदरगड तालुक्यातलं. वडिलांनी वर्षभर पैसे साठवून दोघा भावांना राणीची बाग दाखवायला नेलं. रात्रभर एसटी, सकाळी भायखळा. फाटक बंद. तो बुधवार होता, आणि राणीची बाग बुधवारी बंद असते. संध्याकाळच्या गाडीनं परतायचं होतं. तिघांनी फाटकाबाहेर बसून शेंगा खाल्ल्या. ‘वडील सारखं म्हणत होते, मी आधी विचारायला पाहिजे होतं. हत्ती नाही दिसला याचं मला काही नाही मॅडम. त्यांचा चेहरा काही जात नाही डोळ्यांपुढनं.’

त्यांच्या पत्नीनं हे चौदा वर्षांत पहिल्यांदाच ऐकलं होतं.

पुढचं सगळं काम या बुधवारावर झालं. मी म्हटलं, आपण तुमच्या कागदावरच्या प्रत्येक ओळीला एकच विचारू या, हा बुधवार आहे का? म्हणजे हे आधी पाहिलं नाही तर फाटक बंद होणार आहे का? पार्क त्या दिवशी चालू आहे का, हा बुधवार. तिकिटं हा बुधवार. आदल्या रात्री वाकडला मावशीकडे मुक्काम करायचा, म्हणजे सकाळी पोरं ताजी असतील, हाही बुधवारच. धाकट्याची उंची कुठल्या राइडला चालते हे घरीच बघून त्याला सांगून ठेवायचं, कारण रांगेत पाऊण तास उभं राहून परत पाठवलं की सात वर्षांच्या मुलाचा दिवस तिथंच संपतो. थोरलीच्या गाडी लागण्याच्या गोळ्या. आणि प्रत्येकानं आपली एकच गोष्ट सांगायची, जी काही झालं तरी करायची. थोरलीनं नायट्रो सांगितला, तो पाय अधांतरी ठेवून उलटासुलटा फिरवणारा रोलर कोस्टर. धाकट्याला एकमेकींवर आपटणाऱ्या बोटी हव्या होत्या. आई म्हणाली, मला सावलीत बसून गरम चहा. वडिलांना काही सुचेना. त्यांनी दिवसाचा विचार केला होता, स्वतःचा नव्हता.

बाकीच्या ओळींत एकही बुधवार निघाला नाही.

त्यांचं समाधान झालं नव्हतं. ‘याला काही डेटा आहे का मॅडम?’ प्लॅनिंगच्या माणसानं हे विचारणं मला आवडलं. डेटा आहे. गॅब्रिएला टोनिएटो आणि सेलिन माल्कोक या दोन संशोधक बाईंनी २०१६ मध्ये विरंगुळ्याच्या वेळांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. परीक्षेच्या दिवसांत विद्यार्थ्यांना फुकट कॉफी-बिस्किटं दिली. काहींना नेमकी वेळ सांगितली, काहींना दोन तासांतलं कधीही या म्हणून सांगितलं. नेमकी वेळ घेऊन आलेल्यांना तीच कॉफी कमी आवडली. घड्याळ लावलं की मौजेचंही काम होतं. मात्र ढोबळ ठरवण्यानं मजा कमी झाली नाही, आणि हे मी त्यांच्या पत्नीकडे बघून सांगितलं. ‘काहीच ठरवायचं नाही’ हा त्यांचा आग्रह मुळात मागच्या सहलीचा राग होता.

दुसरा प्रयोग डॅनियल कानमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, १९९३ चा. १४ अंशांच्या गार पाण्यात एकदा ६० सेकंद हात बुडवायचा. दुसऱ्यांदा तेवढाच वेळ, आणि वर आणखी ३० सेकंद, पण त्यात पाण्याचा गारठा थोडा कमी केलेला. पुन्हा करायचं तर कुठलं, असं विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेलं निवडलं, कारण त्याचा शेवट सुसह्य होता. मन बेरीज करत बसत नाही. सगळ्यात तीव्र क्षण आणि शेवट, एवढंच मुख्यतः लक्षात राहतं. अकरा टिक कुणाच्याच लक्षात राहिल्या नव्हत्या. ओढलेला दंड राहिला होता.

पण कळणं आणि हाताला वळण लागणं यात अंतर असतं. म्हणून जाण्याआधी सरावाला एक संध्याकाळ दिली. रंकाळ्यावर जायचं, दोन तास धाकटा नेईल तिकडं जायचं, ‘चल’ हा शब्द फक्त त्यानं म्हणायचा. पुढच्या भेटीत ते म्हणाले, पहिली वीस मिनिटं छातीत धडधडत होतं. पोरगं कणीसवाल्यापाशी जे थांबलं ते हललंच नाही. कोळशावर पंखा हलला की ठिणग्या उडायच्या, त्या मोजत होतं. ‘मी मनगटाकडं बघितलं की ही हसायची. मग मीच घड्याळ काढून तिच्या पर्समध्ये टाकलं.’ भेळ खायची राहिली. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

इथं एक सांगायला हवं. हा सल्ला सरसकट सगळ्यांना नाही. स्वमग्न मुलांना, किंवा अचानक बदल झाला की बिथरणाऱ्या मुलांना, पुढं काय होणार हे माहीत असणं हाच आधार असतो. त्यांच्यासाठी मी स्वतः चित्रांचं वेळापत्रक करून देते, आणि गर्दी-आवाजापासून लांब बसायची जागा आधीच हेरून ठेवायला सांगते. वेळापत्रक कुणाच्या भीतीसाठी आहे आणि कुणाच्या सोयीसाठी, एवढं पाहिलं तरी पुरतं.

मे महिन्यात ते जाऊन आले. धाकटा बोटींवर चार वेळा बसला, मोठ्या राइडकडं त्यानं फिरूनही बघितलं नाही. आईनं चहा घेतला. थोरली दोनदा नायट्रोवर गेली, दुसऱ्यांदा वडिलांना घेऊन. दुपारी वडील बूट काढून एका बाकड्यावर आडवे झाले आणि चक्क अर्धा तास झोपले. धाकट्यानं मला सगळ्यात आधी हेच सांगितलं, ‘पप्पा घोरत होते!’ आणि तो केवढा खूश होता म्हणून सांगू.

थोरलीची राजासॉरसची बोट मात्र राहिली. नर्मदेच्या खोऱ्यात सापडलेला हा डायनासोर तिला शाळेतल्या प्रकल्पापासून आवडायचा. रांग मोठी होती आणि मुलं दमली होती. पार्किंगमध्ये येईपर्यंत तिचं तोंड एवढंसं झालं. पूर्वीचे ते असते तर तिथंच हिशेब सुरू झाला असता, कुणामुळं उशीर झाला, बोटींवर चौथ्यांदा बसायची काय गरज होती. हे मला त्यांनीच सांगितलं.

या वेळी त्यांनी विचारलं, ‘राहिली ना गं?’

‘हो.’

‘वाईट वाटतंय?’

‘हो.’

ते पुढं काही बोलले नाहीत. तिच्या पायाशी पाण्याची बाटली ठेवली आणि गाडी सुरू केली. खेड शिवापूरचा टोलनाका आला तेव्हा ती भावाच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली होती.