युरोपने चायनीज इलेक्ट्रिक गाड्यांवर प्रत्येक कंपनीला वेगळी ड्युटी का लावली?

कारण ही ड्युटी सरसकट चीनवर नाहीये, ज्या कंपनीला जेवढी सरकारी सबसिडी मिळाली असं चौकशीत निघालं त्या हिशोबाने लावलीय. युरोपियन कमिशनने (युरोपियन युनियनचा कारभार बघणारी संस्था) ऑक्टोबर 2023 मध्ये स्वतःहून चौकशी सुरू केली, कोणी कंपनी तक्रार घेऊन गेली नव्हती बरं का, आणि स्वस्त कर्ज, कमी भावात जमीन, बाजारभावाखाली मिळालेल्या बॅटऱ्या असं सगळं धरून 30 ऑक्टोबर 2024 पासून पाच वर्षांसाठी बीवायडीला 17, गीलीला 18.8 आणि एसएआयसीला 35.3 टक्के लावले, नेहमीची 10 टक्के आयात ड्युटी वेगळीच. चौकशीत सहकार्य न करणाऱ्यांनाही तोच 35.3 टक्के दर, म्हणजे कागद लपवून फायदा शून्य. प्लग-इन हायब्रिडला (चार्ज होणारी बॅटरी आणि इंजिन दोन्ही असलेल्या गाड्या) मात्र हे लागू नाही.