रोज तेच नाव कशाला? – चिऊला पत्र

श्टुटगार्ट, श्रावण

प्रिय चिऊ,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. मागे साताऱ्याचा पाऊस पत्र्यावर बदाबदा वाजत होता, तरी प्रश्न नीट कळले. आजी रोज पहाटे तेच नाव पुन्हा पुन्हा घेते, देवाला एकदा सांगून ऐकू जात नाही का? मध्येच ती ‘गॅस बारीक कर गं’ म्हणते, मग तो जप धरायचा की सोडायचा? आणि तू तिच्याबरोबर चार दिवस माळ केलीस, पाचव्या दिवशी झोप लागली, तर आता पुन्हा पहिल्यापासून मोजायचं का?

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बहुतेकांचा जप सुटतो तो तिथेच.

राहिलेल्या दिवसाचं काहीच करायचं नाही. दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी बसायचं आणि ठरलेली माळ करायची. भाषा शिकायच्या अ‍ॅपवर एक दिवस चुकला की साखळी तुटते आणि आकडा शून्यावर येतो, तुला त्याची सवय झालीय. इथे काही पुसलं जात नाही. ‘झालेला जप कुठं जातोय?’ असं आजी म्हणते ते अगदी खरं आहे. राहिलेलं भरून काढायला एका बैठकीत दहा माळा ओढायच्या, हे मात्र करू नकोस. पायाला मुंग्या येतात, जीव कंटाळतो आणि दुसऱ्या दिवशी माळेकडे बघवत नाही. चुटपुट लागलीच तर एक माळ जास्त कर आणि विषय संपव.

योगसूत्रं लिहिणाऱ्या पतंजलींनी अभ्यास, म्हणजे रोजचा सराव, पक्का होण्यासाठी तीन गोष्टी सांगितल्यात: तो पुष्कळ काळ चालावा, खंड न पडता चालावा आणि आदराने व्हावा. लोक पहिल्या दोन धरून बसतात. मला तिसरी सगळ्यात मोठी वाटते. आजी बसण्याआधी चूळ भरते, आसन झटकून अंथरते, माळ कपाळाला लावते आणि मगच पहिला मणी धरते. हे सगळं मिनिटभराचं काम. पण एक दिवस हुकला म्हणून ती स्वतःवर चिडत नाही, कारण चिडून माळ हातात घेणं हाही तिच्या लेखी अनादरच.

आता गॅसचं. पुढच्या वेळी तिचा हात बघ. माळ गोमुखीत असते म्हणून बोटं दिसत नाहीत, पण पिशवीच्या आतली हालचाल दिसते. माळ मधल्या बोटावर असते, अंगठा मणी आपल्याकडे ओढतो, तर्जनी बाहेर राहते. तर्जनी आपण दुसऱ्याकडे दाखवायला वापरतो, म्हणून ती माळेला लावायची नाही असं मला लहानपणी सांगितलं होतं. ‘गॅस बारीक कर’ म्हणताना आजीचा अंगठा आहे त्या मण्यावर घट्ट थांबतो. बोलून झालं की तोच मणी ती पुन्हा घेते, पुढचा नाही. काही घरांत मध्ये बोललं तर ती अख्खी माळ सोडून देतात. आपल्याकडे तेवढं कडक नाही, पण उगाच गप्पाही चालत नाहीत. १०८ मणी झाले की मेरुमणी, म्हणजे माळेच्या टोकाचा मणी, येतो, तो ओलांडायचा नाही, तिथून माळ उलटी फिरवायची. आणि १०८ म्हटले तरी जमेला १००च धरायचे. वरचे आठ सोडलेले, कुठे उच्चार चुकला, मन भरकटलं, कुणाशी बोलणं झालं, त्यासाठी. चूक होणार हे हिशेबात आधीच धरलंय, हे मला फार आवडतं.

हिशेब काढलाच आहे तर हेही बघ. आजीचा मंत्र ‘श्रीराम जय राम जय जय राम’, अक्षरं तेरा. समर्थ रामदासांचा हाच मंत्र. परंपरा सांगते की ते बाराव्या वर्षी नाशिकजवळच्या टाकळीला गेले आणि तिथे बारा वर्षं नदीच्या पाण्यात उभं राहून त्यांनी या मंत्राचा तेरा कोटी जप केला. भागाकार केलास तर रोजचे साडेएकोणतीस हजारांच्या वर येतात. आजी रोज दहा माळा करते, म्हणजे जमेला हजार. हजाराने कोटी व्हायला सव्वासत्तावीस वर्षांच्या वर लागतात आणि तेरा कोटींना साडेतीनशे! म्हणून तर बरीच मंडळी मिळून तेरा कोटींचा संकल्प करतात आणि प्रत्येकाच्या माळा एकत्र मोजतात. आजीचा कोटी केव्हाच होऊन गेला असणार, कारण लग्न होऊन आली तेव्हापासूनचा तिचा हा नेम. तिच्या तोंडून तो आकडा मी कधी ऐकलेला नाही. मोजायचं ते रोज बैठक ठरलेल्या जागी संपावी म्हणून. नाहीतर मन पाच मिनिटांत ‘झालं की आता’ म्हणून उठवतं.

मग तेच तेच कशाला? देवाला ऐकू जावं म्हणून नाही, बाळा. त्याला पहिल्याच वेळी ऐकू गेलं असेल. ऐकायचंय ते आपल्या मनाला. मन वासरासारखं असतं, दाव्याला बांधलं तरी दावं पुरेल तेवढं हुंदडतं. नाम ही खुंटी. हुंदडू नये असं कुणी म्हणत नाही, पण लक्षात आलं की परत यायचं. तू म्हणालीस, एका माळेत वीस वेळा तरी दुसरंच काहीतरी आठवतं. म्हणजे तू वीस वेळा परत आलीस. जप म्हणजे हे परत येणंच, असं मी मानते.

झोप येत असेल तर मोठ्याने म्हण. याला वाचिक जप म्हणतात. ओठ हलतात पण शेजारच्याला ऐकू जात नाही तो उपांशु, आजीचा बहुतेक वेळ तसाच असतो. आणि ओठही मिटलेले, आत चाललाय, तो मानस. ग्रंथांत मानस सर्वांत वरचा सांगितलाय, पण नवख्याने पहिल्या दिवसापासून मानस करू म्हटलं तर दहाव्या मण्यापर्यंत डुलकी लागते. मोठ्याने म्हणण्यात कमीपणा वाटून घेऊ नकोस.

तुला विज्ञान आवडतं म्हणून सांगते. २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये इटलीतल्या डॉक्टरांचा एक छोटा अभ्यास आला होता, २३ निरोगी माणसांवरचा. ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि ‘ॐ मणिपद्मे ॐ’ हा मंत्र, दोन्ही म्हणताना श्वास संथ होऊन मिनिटाला साधारण सहावर येतो आणि हृदयाच्या ठोक्यांची लय सुधारते, असं त्यांना दिसलं. आजीला सांग, तिला बरं वाटेल. पण ती श्वासासाठी बसत नाही, आणि तूही तेवढ्यासाठी बसू नयेस असं मला वाटतं.

कारण एक वेळ अशी येते की जपातून काही मिळताना दिसत नाही. तुझे आजोबा शेवटी दवाखान्यात होते तेव्हाची गोष्ट तुला सांगितलेली नाही. आजी बाहेरच्या बाकावर बसायची. माळ घरी होती. पदराखाली हात आणि अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत असायचा. डॉक्टर आले की उठून सगळं नीट विचारायची, औषधं, खर्च, पुढं काय, आणि परत येऊन अंगठा राहिलेल्या पेरावर. आजोबा त्या दुखण्यातून उठले नाहीत. मला तेव्हा राग आला होता. मी विचारलं, ‘आई, एवढं नाव घेतलंस त्याचं काय झालं?’ ती म्हणाली, ‘मी त्यांना वाचव म्हणून नव्हते घेत गं. मला तिथं बसता यावं म्हणून घेत होते.’ पुढे सुतकाचे तेरा दिवस तिने माळेला हात लावला नाही, पण स्वयंपाकघरात ओठ हलत होते. चौदाव्या दिवशी पहाटे ती नेहमीच्या जागी बसलेली होती.

यातूनच तुझ्या मेसेजमधल्या शेवटच्या, हळूच विचारलेल्या प्रश्नाकडे येते. पाळीच्या दिवसांत आपल्या घरी माळेला आणि देव्हाऱ्याला हात लावत नाहीत. साताऱ्यात आहेस तोवर आजीच्या घराची रीत पाळ, पण नाम थांबवू नकोस. नामाला वेळ, काळ, सोवळं-ओवळं काही आड येत नाही, हे गोंदवलेकर महाराजांनी जन्मभर सांगितलं. इकडे आपल्या घरी परत आल्यावर काय करायचं ते तू ठरव, मी अडवणार नाही. गुरूंनी दिलेल्या मंत्राचं पुरश्चरण, म्हणजे नियमाने पुरा करायचा मोठा जप, असेल तर गोष्ट वेगळी. तिथे संकल्प, ठरलेली संख्या, आसन, शेवटी जपाच्या दहाव्या हिश्श्याइतकं हवन असे नियम असतात आणि ते सांगणाऱ्याच्या देखरेखीखालीच करावं. व्हिडिओ बघून बीजमंत्र, म्हणजे एकाक्षरी मंत्र, उचलायचे, आज हा उद्या तो, हे मला मुळीच पसंत नाही. एक साधं नाव धर आणि तेच राहू दे.

आजी येत्या आठवड्यात गोंदवल्याला निघालीय, तू बरोबर जा. कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी करत एसटी जाते. आपल्याकडे झड लागलेली असली तरी माण तालुक्यात शिरलं की आभाळ मोकळं होतं, तो दुष्काळी मुलूख. गोंदवलेकर महाराज, म्हणजेच ब्रह्मचैतन्य महाराज, १८४५ साली गोंदवल्यातच जन्मले आणि १९१३ साली तिथेच त्यांनी देह ठेवला. दुष्काळात त्यांनी गावच्या लोकांना शेतात कामाला लावून जेवू घातलं होतं. तिथे आजही आलेल्याला जेवल्याशिवाय जाऊ देत नाहीत. पंगतीत बस, आणि आजी समाधीपाशी बसेल तेव्हा तूही बस. किती वेळ ते विचारू नकोस, उठेल ती.

आणि ‘मी आयुष्यभर करीन’ असलं काही तिथे बोलून येऊ नकोस. चातुर्मास चालू आहे, आपल्याकडे नेम धरायचा तो याच दिवसांत. कार्तिकी एकादशीपर्यंत रोज एक माळ, एवढाच धर. सहा-सात मिनिटं लागतील. वेळ दात घासल्यानंतरची ठेव, कारण दात घासायचं तू विसरत नाहीस. सप्टेंबरात इकडे आल्यावर शाळेची घाई सुरू होईल, तेव्हा पहाटेचं जमलं नाही तर झोपण्यापूर्वी कर, पण एकदा बदललीस की तीच वेळ कार्तिकीपर्यंत. नंतर पुढचं बघू.

माळ तुळशीची घे, हलकी असते. मण्यामण्यांमध्ये गाठ मारलेली आहे ना ते बघ, म्हणजे दोरा तुटला तरी मणी विखुरत नाहीत आणि अंगठ्याला प्रत्येक मणी वेगळा लागतो. गोमुखी विकत घेऊ नकोस, आजीच्या जुन्या सुती साडीतली शिवून देईल ती. बाबांसाठीही एक आण, त्यांच्या माळेचा मेरू निसटलाय.

तुझी,
आई