क्राऊन-पिनियन बदलल्याने पिकअपचे अ‍ॅव्हरेज वाढेल का?

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीतून टॉवेल आणि चादरींच्या गाठी भरून माझी डिझेल पिकअप बहुतेक वेळा पुण्याला जाते आणि येताना सुताची पोती आणते. अधूनमधून तुळजापूरमार्गे मराठवाड्यातलेही भाडे मिळते. टॉप गिअरमध्ये इंजिन गरजेपेक्षा जास्त फिरते असे वाटते. मागच्या अ‍ॅक्सलच्या हौसिंगमधला ४१ : ९ दातांचा क्राऊन-पिनियन (इंजिनाचे फेरे कमी करून चाकांना देणारी दातेरी चक्रांची जोडी) काढून ४१ : १० चा बसवला तर अ‍ॅव्हरेज दहा टक्क्यांनी वाढेल, असे मिस्त्री म्हणतात. हा खर्च करावा का?
— एक वाहनमालक, सोलापूर

उत्तर : आपल्या भाड्याचे स्वरूप पाहता हा खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मिस्त्रींचा हिशेब अर्धा बरोबर आहे. टायरचा घेर सुमारे २.१ मीटर आणि टॉप गिअर एकास एक (म्हणजे गिअरबॉक्समध्ये फेरे बदलत नाहीत असा) धरला, तर ताशी ६० किलोमीटर वेगाला चाक मिनिटाला सुमारे ४७६ फेरे घेते. त्यासाठी सध्या इंजिनला २१७० च्या आसपास फिरावे लागते. नव्या जोडीत ते १९५० वर येईल. फेरे दहा टक्क्यांनी घटतील हे खरे, पण डिझेल तेवढे वाचणार नाही. कारण त्याच वेगाने तोच माल ओढायला लागणारी शक्ती तेवढीच राहते आणि कमी फेऱ्यांत ती द्यायची म्हणजे प्रत्येक फेऱ्याला जास्त डिझेल जाळावे लागते. वाचते ते मुख्यतः इंजिनाच्या अंतर्गत घर्षणात वाया जाणारे डिझेल, आणि तो वाटा लहान असतो.

शिवाय क्राऊन-पिनियन बदलला की केवळ टॉप गिअर नव्हे, तर रिव्हर्ससकट सगळेच गिअर लांब होतात आणि प्रत्येकाची ओढ दहा टक्क्यांनी कमी होते. सुताची पोती भरलेली गाडी चढावर उठवताना हाफ क्लच जास्त वेळ धरावा लागेल आणि त्याची किंमत क्लच प्लेट मोजेल. तुळजापूरच्या घाटात जिथे आज तिसरा गिअर पुरतो, तिथे दुसरा टाकावा लागला की सपाटीवर वाचलेले डिझेल तिथेच खर्ची पडेल. चालकाने गिअर न उतरवता तसेच रेटले, तर इंजिन थरथरू लागेल आणि काळा धूर सोडेल.

जोडी बसवण्याचे कामही नाजूक आहे. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, म्हणून दोन जुन्या गाड्यांतून एकेक भाग काढून बसवू नये. दातांना रंग लावून ते कुठे टेकतात हे पाहावे लागते आणि दोहोंतली मोकळीक शिम (धातूच्या पातळ चकत्या) घालून नेमकी ठेवावी लागते; ती चुकली की हौसिंग ओरडू लागते.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. मीटरची केबल किंवा सेन्सर गिअरबॉक्सवर असेल, तर नव्या जोडीनंतर मीटर दहा टक्के कमी किलोमीटर दाखवेल, आणि अ‍ॅव्हरेज प्रत्यक्षात थोडे वाढले तरी हिशेबात घटलेलेच दिसेल. म्हणून कोणताही बदल तपासताना रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांवरून अंतर मोजावे आणि एकाच पंपावर टाकी फुल करून डिझेल मोजावे.

आपल्या गाडीत खरे नुकसान हवेमुळे होत असावे. गाठी वजनाला फार नसल्या तरी केबिनच्या वर उंच जातात, आणि हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० ऐवजी ६५ ने गेल्यास हा रोध सुमारे एक-तृतीयांशाने घटतो, आणि पुण्याच्या सुमारे २५० किलोमीटरच्या वाटेवर पाऊण तासच जास्त लागतो. गाठी शक्यतो केबिनच्या उंचीपर्यंतच रचाव्यात आणि ताडपत्री फडफडणार नाही अशी चारही बाजूंनी ताणून बांधावी. यासाठी दोरीपलीकडे खर्च नाही.

फक्त हलका माल आणि फक्त पुण्याचा सपाट रस्ता असता, तर माझे उत्तर वेगळे असते. तरीही तेव्हा मी क्राऊन-पिनियनऐवजी गिअरबॉक्सकडे पाहिले असते. पुढची गाडी घेताना टॉप गिअरचे गुणोत्तर एकाहून कमी, म्हणजे ०.८ च्या आसपास आहे का, हे माहितीपत्रकात पाहावे. अशा गाडीत सपाटीवर इंजिन सावकाश फिरते आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरची ओढ घाटासाठी शाबूत राहते.