वडिलांच्या लॅपटॉपवर सारखी व्हायरसची सूचना येते. कोणता अँटीव्हायरस घ्यावा, की लॅपटॉपच काढून घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की वडील निवृत्त आहेत, लॅपटॉपवर बातम्या आणि बँकेचं काम बघतात. उजव्या कोपऱ्यात ‘तुमच्या संगणकात व्हायरस सापडले’ असं लाल अक्षरात येत राहतं, पैसे भरून अँटीव्हायरस घेतला तरी थांबत नाही, आणि आता घरातले म्हणतायत की त्यांच्याकडून लॅपटॉप काढूनच घ्या. अँटीव्हायरसचं उत्तर दोन मिनिटांचं आहे. लॅपटॉप काढून घेण्याचं वाचलं आणि राहवेना, म्हणून लिहायला बसले.

आधी दोन मिनिटांचं. कोपऱ्यातली ती सूचना बहुतेक करून व्हायरसची नसतेच. ती ब्राउझरची, म्हणजे क्रोम किंवा एजसारख्या इंटरनेट बघायच्या प्रोग्रॅमची, नोटिफिकेशन असते. कधीतरी कुठल्यातरी साइटवर ‘तुम्ही रोबो नाही हे दाखवण्यासाठी अलाऊ दाबा’ असं आलं असेल आणि वडिलांनी ते दाबलं असेल. त्या दिवसापासून त्या साइटला कोपऱ्यात काहीही दाखवायची परवानगी मिळाली. मग ती मोठ्या अँटीव्हायरस कंपनीचं बोधचिन्ह लावून ‘मुदत संपली, नूतनीकरण करा’ म्हणते. क्रोममध्ये सेटिंग्जमध्ये जा, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स. परवानगी दिलेल्या साइटींची यादी दिसेल. ओळखीची नसेल ती प्रत्येक काढून टाका आणि वरचा पर्याय असा ठेवा की इथून पुढे कुठल्याच साइटने विचारायचंही नाही. नवा अँटीव्हायरस घेऊन हे थांबत नाही, कारण त्याच्या लेखी इथे काही बिघडलेलंच नसतं. परवानगी माणसाने स्वतः दिलेली असते. आतून कडी काढून दिल्यावर बाहेरचं कुलूप केवढं मोठं आहे याला अर्थ नाही.

आता दुसरं.

मी कुडाळला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवते. माझी आत्या देवबागला राहते, घराच्या दोन खोल्या पर्यटकांना देते. बुकिंगचे ईमेल, पाहुण्यांची ओळखपत्रं, जेवणाचा हिशोब, सगळं ती लॅपटॉपवर करते. शिकली दहावीपर्यंत, पण तिचा हिशोब मी कधी चुकलेला बघितला नाही. एका गणपतीच्या आधी आरत्यांची पीडीएफ शोधताना तिने असंच कुठेतरी अलाऊ दाबलं. लाल सूचना सुरू झाल्या. तिने ठाण्याला मुलाला, म्हणजे माझ्या आतेभावाला फोन केला. दादा आयटीत आहे, घरात त्याचा शब्द शेवटचा. दिवाळीला येताना तो दुकानातून अँटीव्हायरसचा खोका घेऊन आला, लॅपटॉपमध्ये टाकला आणि आईला सांगून गेला, “लाल काही दिसलं तर दुर्लक्ष करू नकोस, लगेच बघ.” ब्राउझर त्याने उघडून बघितला नाही. सूचना चालूच राहिल्या.

मे महिन्यात सगळ्या खोल्या भरलेल्या. दुपारी अख्खा स्क्रीन निळा झाला, भोंगा वाजायला लागला, मध्ये मोठ्या कंपनीचं नाव आणि खाली फोन नंबर. कॉम्प्युटर बंद केलात तर सगळी माहिती जाईल, असं बाई बोलतेय. आत्याने नंबर लावला. पलीकडचा माणूस हिंदीत, अगदी अदबीने बोलणारा. त्याने तिच्याकडून दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर ताबा मिळवायचं अ‍ॅप उतरवून घेतलं आणि इव्हेंट व्ह्यूअर उघडून दाखवला. तुमचाही उघडून बघा. अगदी धडधाकट मशिनवरसुद्धा तिथे लाल आणि पिवळ्या खुणांची रांग लागलेली असते, कारण विंडोज प्रत्येक लहानसहान अडचणीची नोंद तिथे ठेवतं. त्याने एकेक लाल खूण दाखवून हा व्हायरस, हा हॅकर असं सांगितलं. मग पाच वर्षांच्या संरक्षणाचे 14,999 रुपये, त्यातले 4,999 आत्ता यूपीआयने. ते तिने भरले. मग तो म्हणाला, हॅकर बँकेपर्यंत पोचलाय का बघू, नेट बँकिंग उघडा.

तेवढ्यात लाइट गेली. मे महिन्यात आमच्याकडे दुपारची लाइट जाणं ही काही बातमी नाही. वायफाय बंद पडलं आणि त्याचा ताबा सुटला. तो मोबाइलवर ओरडत राहिला, फोन ठेवू नका म्हणून. तिने ठेवला आणि मला लावला.

“अगो, कॉम्प्युटर आरडा होतो. तो माका म्हणता, बंद करू नको, नायतर सगळा जातला. झिलान सांगितल्यान होता, लाल दिसला तर लगेच बघ म्हणान.”

मुलाने सांगितलं होतं, लाल दिसलं तर लगेच बघ. ते शेवटचं वाक्य मी अजून विसरले नाही. मी तिला मोडेमची वायर काढायला सांगितली, 1930 वर फोन करायला सांगितला आणि स्कूटर काढून नेरूरपार, चौके करत देवबागला निघाले. 1930 हा सायबर फसवणुकीचा सरकारी क्रमांक. जितक्या लवकर कळवाल तितकी पुढच्या खात्यात पैसे अडण्याची शक्यता जास्त, म्हणून आधी हा फोन, लगेच आपल्या बँकेला, आणि नातेवाइकांना नंतर. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वरही करता येते. आत्याचे 4,999 परत आले नाहीत, तोवर ते पुढे गेले होते. खात्यातली बाकीची रक्कम वाचली. त्याच संध्याकाळी दुसऱ्या फोनवरून सगळे पासवर्ड बदलले, लॅपटॉपमधल्या फाइल्स बाजूला काढल्या आणि विंडोज नव्याने टाकलं. अनोळखी माणसाचा ताबा जाऊन आलेल्या मशिनला मी स्कॅन करून सोडत नाही, तुम्हीही सोडू नका.

पुढच्याच आठवड्यात दादा सुट्टीला आला. ओटीवर बसून सगळ्यांसमोर म्हणाला, “आईला यातलं काही कळत नाही. गावात हवाय कशाला लॅपटॉप? बुकिंग मी ठाण्याहून बघीन.” आत्या आत निघून गेली. मी तेव्हा बोलले ते इथेही लिहिते, कारण तुमच्या घरातही हेच चाललंय.

ती फसली ती तिला कळत नाही म्हणून नाही. तिने सांगितल्याप्रमाणे केलं म्हणून ती फसली. लाल दिसलं की घाबरायचं हे तिला आपणच शिकवलं, आणि खरं लाल कुठलं, खोटं कुठलं, हे कुणीच दाखवलं नाही. खोटं अँटीव्हायरस विकणाऱ्याचा सगळा धंदा त्यावरच चालतो. आणि तो गावातल्या बायकांच्या भरवशावर उभा राहिलेला नाही. 2008 साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, विनफिक्सर, विनअँटीव्हायरस, ड्राइव्हक्लीनर, एक्सपी अँटीव्हायरस या नावांनी खोटे स्कॅन दाखवून माल विकणाऱ्या टोळीवर खटला भरला. दहा लाखांहून जास्त लोकांनी ते विकत घेतलं होतं, आणि 2012 मध्ये न्यायालयाने 16 कोटी 30 लाख डॉलरचा निकाल दिला. 2019 मध्ये ऑफिस डेपो या तिथल्या मोठ्या दुकानसाखळीला आणि तिच्या सॉफ्टवेअर पुरवठादाराला मिळून साडेतीन कोटी डॉलर भरावे लागले. कारण दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला मशीन हळू चालतंय का, असे प्रश्न विचारायचे, त्याने एकालाही हो म्हटलं की मशिनमध्ये घातक सॉफ्टवेअर आहे असं दाखवायचं, आणि दुरुस्तीचे पैसे घ्यायचे. ते गिऱ्हाईक शिकलेलं होतं, शहरात राहणारं होतं. आपल्याकडेही ऑक्टोबर 2023 मध्ये सीबीआयने ऑपरेशन चक्र-2 मध्ये 76 ठिकाणी छापे घातले, त्यातल्या काही प्रकरणांत मायक्रोसॉफ्ट आणि अ‍ॅमेझॉनच्या नावाने परदेशी लोकांना असेच फोन जात होते. त्या सगळ्यांकडून लॅपटॉप काढून घ्यायचे का?

दादाला हे पटलं नाही. तो अजून म्हणतो की चांगला अँटीव्हायरस असता तर हे झालं नसतं. त्याने आणलेला चांगलाच होता. पण पैसे माणूस स्वतः भरत असेल आणि दार माणूस स्वतः उघडत असेल तर अँटीव्हायरस त्यात फारसं करू शकत नाही. माझ्या दुकानात अँटीव्हायरसचे खोके विकायला आहेत, त्यावर मला पैसे मिळतात, तरी हे सांगते.

तर कोणता घ्यावा. विंडोज 11 असेल तर त्यातला मायक्रोसॉफ्ट डिफेंडर चालू ठेवा, अपडेट अडवू नका, घरच्या वापराला तो पुरतो. वेगळे पैसे पडत नाहीत. पैसे देऊन घ्यायचाच असेल तर जर्मनीतली एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्हज या दोन प्रयोगशाळांचे ताजे निकाल त्यांच्या साइटवर फुकट बघता येतात. एव्ही-टेस्ट संरक्षण, वेग आणि वापर या तिन्हींना सहा-सहा गुण देते, अठरापैकी किती मिळाले ते बघा. जे नाव अशा निकालांत कुठेच सापडत नाही ते घेऊ नका, जाहिरात कितीही मोठी असो. आपल्या पुण्याची क्विक हील आहे, कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानातून उभी राहिलेली, आमच्या बाजूला गिऱ्हाईक तेच नाव जास्त मागतं. ते घ्या किंवा दुसरं घ्या, पण कंपनीच्या साइटचा पत्ता स्वतः टाइप करून घ्या. शोधताना सगळ्यात वर येणाऱ्या जाहिरातीवरून उतरवू नका, आणि पॉप-अपमधून तर कधीच नाही. एका मशिनवर एकच ठेवा, दोन एकमेकांत अडकतात आणि मशीन रांगायला लागतं.

मशीन साफ करतो, वेगवान करतो असं सांगणारं रजिस्ट्री क्लीनर, ड्रायव्हर अपडेटर, पीसी बूस्टर या नावाचं काहीही नको. माझं मत विचाराल तर यातल्या एकाचीही घरात गरज नाही.

आणि फुकट म्हणजे वाईट, विकत म्हणजे चांगलं, हेही डोक्यातून काढा. मोठं नाव म्हणजे भरवशाचं, हेही. अव्हास्ट हे नावाजलेलं अँटीव्हायरस. ग्राहकांची ब्राउझिंगची माहिती विकल्याबद्दल त्याच फेडरल ट्रेड कमिशनने 2024 मध्ये त्यांच्याकडून 1 कोटी 65 लाख डॉलर घेतले. नाव मोठं म्हणून डोळे मिटून विश्वास ठेवू नये, एवढ्यासाठी सांगितलं.

वडिलांसमोर बसून एवढं करा. विंडोज सिक्युरिटी उघडून खरा अँटीव्हायरस कुठे दिसतो, त्याचं नाव काय, हे त्यांना दाखवा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधी नसतो, हे सांगा. नंबर दिसला की ती खोटी, एवढं एकच लक्षात राहिलं तरी चालेल. स्क्रीन अडकला तर एस्केप दाबून धरायचं, नाही सुटला तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करायचा, तेही नाही जमलं तर पॉवरचं बटण दाबून धरायचं. बंद केल्याने काही जात नाही. पुन्हा चालू केल्यावर ब्राउझरने जुनी पानं उघडू का विचारलं तर नाही म्हणायचं. विंडोजमधलं त्यांचं रोजचं खातं साधं ठेवा, मशिनमध्ये बदल करायची मुभा असलेल्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खात्याचा पासवर्ड वेगळा. आणि हे सगळं करताना माऊस त्यांच्या हातात असू दे. आत्याच्या घरी दादाने नेमकं हेच कधी केलं नाही. दरवेळी लॅपटॉप स्वतःच्या मांडीवर घेऊन भराभर करून मोकळा झाला.

आत्या बुकिंग अजून स्वतःच बघते. शेजारच्या घरात असाच निळा स्क्रीन आला तेव्हा त्यांनी आधी तिला हाक मारली, आणि तिने तो बंद करून दिला.

काही गोष्टी राहिल्या त्या इथे सांगते. वरचं सगळं विंडोज 11 साठी आहे. विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, तेव्हा तुमचं मशीन 11 घेऊ शकत असेल तर घ्या, नसेल तर मायक्रोसॉफ्टच्या वाढीव सुरक्षा अपडेट योजनेत नोंदवा. विंडोज 7 असेल तर त्यावर बँकेचं काम करूच नका, वर कुठलाही अँटीव्हायरस टाकला तरी. पेनड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानातून फिरून येत असेल आणि फोल्डरचे शॉर्टकट झालेले दिसत असतील, तर तो खराच व्हायरस आहे आणि तिथे स्कॅन लागेलच. डिफेंडरही सगळं पकडतो असं नाही, म्हणून फोटो आणि कागदपत्रांची एक प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर ठेवा आणि ती डिस्क एरवी काढून ठेवा.

वडिलांच्या लॅपटॉपवर विंडोज कितवं आहे आणि ते क्रोम वापरतात की एज, ते खाली लिहा. एजमध्ये नोटिफिकेशनची जागा वेगळी आहे, ती सांगते.